आमदार सभागृहात निवडणूक कायद्यावर बोलतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अधिवेशन सुरू झाले की आमदारांच्या भाषणांच्या दोन-दोन मिनिटांच्या चित्रफिती फिरू लागतात. ईव्हीएम, मतदार याद्या, प्रभाग रचना, ओबीसी आरक्षण, थेट सरपंच. टाळ्या कुठे पडल्या ते कळते. बोलण्यातून पुढे काय झाले, ते कळत नाही. त्याबद्दल वाचक जे विचारतात त्याची उत्तरे इथे आहेत. सगळे महाराष्ट्र विधिमंडळापुरते आहे, फक्त एका प्रश्नात गोवा येतो.

निवडणुकीचा कायदा तर संसद करते. मग आमदाराने त्यावर बोलून उपयोग काय?

लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीपुरते हे खरे आहे. १९५० आणि १९५१ चे लोकप्रतिनिधित्व कायदे संसदेचे आहेत आणि राज्यघटनेच्या कलम ३२४ प्रमाणे निवडणूक घेण्याचा अधिकार भारत निवडणूक आयोगाचा. तिथे आमदार फार तर ठराव करू शकतो, सरकारला केंद्राकडे शिफारस करायला लावू शकतो.

पण ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतचे चित्र उलटे आहे. स्थानिक शासन हा राज्यसूचीतला विषय आहे आणि कलम २४३-के व २४३-झेडए यांनी या निवडणुकांचा कायदा करण्याचे काम राज्य विधिमंडळावर सोपवले आहे. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा, इतर महापालिकांचा १९४९ चा, ग्रामपंचायतींचा १९५८ चा, जिल्हा परिषद व पंचायत समित्यांचा १९६१ चा, नगरपरिषदांचा १९६५ चा. सरपंच कोण निवडणार, एका प्रभागातून किती नगरसेवक येणार, स्त्रियांना किती जागा, कोणाला उभे राहता येणार नाही, हे सगळे या पाच कायद्यांत आहे आणि ते बदलण्याची ताकद विधान भवनात आहे. स्थानिक संस्थांत स्त्रियांना ५० टक्के जागा २०११ मध्ये इथेच ठरल्या. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्यांना निवडणूक लढवता न येण्याची अटही इथलीच.

म्हणून निवडणुकीवरचे भाषण ऐकताना आधी एवढे बघावे: वक्ता ज्याबद्दल बोलतोय ते त्याच्या सभागृहाच्या हातात आहे का? ईव्हीएमवरच्या भाषणाला बातमी मोठी मिळते. प्रभागांवरच्या विधेयकाला आतल्या पानात दोन ओळी. मतदाराच्या गल्लीवर परिणाम मात्र दुसऱ्याचा जास्त होतो.

मग ‘राज्याने मतपत्रिकेचा कायदा करावा’ ही मागणी सभागृहात कशाच्या आधारे होते?

कलम ३२८ च्या. संसदेने ज्या बाबतीत तरतूद केलेली नाही, त्या बाबतीत राज्य विधिमंडळ आपल्या सभागृहांच्या निवडणुकांबद्दल कायदा करू शकते, असे ते कलम म्हणते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेव्हाचे विधानसभा अध्यक्ष नाना पटोले यांनी याच आधारावर, मतदाराला ईव्हीएम की मतपत्रिका असा पर्याय देणाऱ्या कायद्याचा मसुदा करण्याची सूचना केली होती.

अडचण अशी की संसदेने या बाबतीत तरतूद केलेली आहे. केरळमधल्या परूर मतदारसंघात १९८२ साली काही केंद्रांवर यंत्रे वापरली गेली. कायद्यात तशी सोय नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते मतदान रद्द ठरवले. त्यानंतर १९५१ च्या कायद्यात कलम ६१-ए आले आणि १९८९ पासून यंत्राला कायद्याचा आधार मिळाला. जागा भरलेली असताना ३२८ चा उपयोग फारसा उरत नाही. विधानसभेसाठी मतपत्रिका हवी असेल तर रस्ता दिल्लीतूनच जातो. ही माझी वाचन-समज आहे. न्यायालयात कोणी वेगळा युक्तिवाद करू शकेल, पण तो चढाचा आहे.

स्थानिक निवडणुकांचे तसे नाही. तिथे कायदा राज्याचा आणि अंमल राज्य निवडणूक आयोगाचा. त्यामुळे २०२५ मध्ये राज्य आयोगाने स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट (मत कोणाला गेले ते कागदी चिठ्ठीवर दाखवणारे यंत्र) वापरणार नसल्याचे सांगितले, तेव्हा त्याबद्दल विधानसभेत बोलणे अगदी योग्य जागी होते.

डिसेंबर २०२४ ची गोष्ट इथेच सांगायला हवी. निकालानंतरच्या विशेष अधिवेशनात पहिल्या दिवशी, ७ डिसेंबरला, महाविकास आघाडीच्या बहुतेक आमदारांनी ईव्हीएमच्या निषेधात शपथच घेतली नाही. त्याआधी माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत गावकऱ्यांनी मतपत्रिकेवर फेरमतदान घेण्याचा घाट घातला होता आणि प्रशासनाने तो थांबवला होता. दुसऱ्या दिवशी शपथा झाल्या. निषेध म्हणून ते ठीक होते, पण त्यातून कायद्याचा एक स्वल्पविरामही हलला नाही, हलणारही नव्हता.

प्रभाग पद्धत सारखी का बदलते? आमदार त्यावर काही बोलत नाहीत का?

बोलतात. पण विरोधात असताना एक आणि सत्तेत असताना दुसरे.

मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांत २०१७ ला चार सदस्यांचा प्रभाग होता. सरकार बदलले, एक सदस्य एक प्रभाग असा कायदा झाला. त्याच सरकारने २०२१ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग आणला. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलले आणि गाडी २०१७ च्या रचनेवर परत. मुंबईत प्रभाग एकसदस्यीच राहिले, पण त्यांची संख्या २२७ वरून २३६ झाली आणि परत २२७. सरपंच आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचे हे आधी आले, २०२० मध्ये गेले, २०२२ मध्ये परत आले.

या प्रत्येक वळणावर सभागृहात भाषणे झाली आहेत आणि ती एकापाठोपाठ एक वाचली तर गंमत वाटते. मोठ्या प्रभागात छोटा पक्ष आणि अपक्ष मरतो, हा मुद्दा नेहमी विरोधी बाकावरून येतो. मोठ्या प्रभागामुळे पक्षाची ताकद नीट उमटते आणि आरक्षणाचा तोल साधतो, हा सत्ताधारी बाकावरून. माणसे तीच असतात, बाके बदललेली. थेट सरपंचाबद्दलही तेच: एका बाजूला ‘लोकांना थेट कौल देऊ द्या’, दुसऱ्या बाजूला ‘सरपंच एका गटाचा आणि सदस्य दुसऱ्या गटाचे झाले तर गावचा कारभार अडतो’. दोन्ही मुद्द्यांत दम आहे. अशा विधेयकावर किती वेळ चर्चा झाली ते मात्र तपासावे. गदारोळात, आवाजी मतदानाने, काही मिनिटांत पाच-सहा विधेयके मंजूर होण्याचे दिवस आपल्याकडे कमी नाहीत.

५ जुलै २०२१ ला नेमके काय झाले? बारा आमदारांचे निलंबन कशावरून?

त्या एका दिवसात या पानावरचे जवळजवळ सगळे विषय येऊन जातात, म्हणून थोडे सविस्तर.

मार्च २०२१ मध्ये विकास गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा परिषद कायद्यातले २७ टक्के ओबीसी आरक्षण सरसकट लागू करता येणार नाही असे सांगितले. तीन अटी घातल्या: समर्पित आयोग नेमा, मागासलेपणाची प्रत्यक्ष माहिती गोळा करून संस्थानिहाय प्रमाण ठरवा, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर नेऊ नका. मग जुलैमध्ये दोन दिवसांच्या अधिवेशनात छगन भुजबळांनी ठराव मांडला की केंद्राने आपल्याकडची ओबीसींची माहिती राज्याला द्यावी. केंद्राच्या माहितीत चुका आहेत, ती देऊन उपयोग नाही, राज्याने स्वतः गोळा करावी, असे विरोधी पक्षाचे म्हणणे होते. तालिका अध्यक्ष म्हणून, म्हणजे अध्यक्षांच्या जागी कामकाज चालवायला, भास्कर जाधव आसनावर होते. विरोधक वेलमध्ये, म्हणजे आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरले, माइक ओढाओढी झाली, नंतर अध्यक्षांच्या दालनात शिवीगाळ झाल्याचा आरोप झाला. संसदीय कार्यमंत्री अनिल परब यांनी प्रस्ताव मांडला आणि भाजपचे बारा आमदार एक वर्षासाठी निलंबित झाले.

२८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने हे निलंबन रद्द केले. कारण वाचण्यासारखे आहे. सभागृहात शिस्त राखण्यासाठी सदस्याला बाहेर काढता येते, पण ते फार तर त्या अधिवेशनापुरते. वर्षभर बाहेर ठेवणे हे बडतर्फीपेक्षा वाईट, कारण जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक होऊन मतदारसंघाला नवा आमदार तरी मिळतो. इथे आमदार आहे, पण मतदारसंघाला आवाज नाही. राज्यघटनेच्या कलम १९० मध्ये सलग साठ दिवस गैरहजर राहिल्यास जागा रिकामी जाहीर करण्याची तरतूद आहे, तिचाही आधार न्यायालयाने घेतला.

सभागृहाच्या कामकाजात न्यायालये सहसा पडत नाहीत, कलम २१२ तसे सांगते. तिथला गदारोळ मतदारसंघाच्या प्रतिनिधित्वावर येऊ लागला, तेव्हा मात्र न्यायालयाने दार उघडले.

आणि त्या ओबीसी आरक्षणाचे पुढे?

आरक्षणासाठी राज्याचा अध्यादेश निघाला, तो डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने थांबवला. त्याच महिन्यात सभागृहाने एकमताने ठराव केला की ओबीसी आरक्षणाशिवाय स्थानिक निवडणुका घेऊ नयेत. ७ मार्च २०२२ ला दोन्ही सभागृहांनी, पुन्हा एकमताने, प्रभाग रचनेचे अधिकार सरकारकडे घेणारी विधेयके मंजूर केली. नेमक्या त्याच दिवशी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासकाचे राज्य सुरू झाले. न्यायालयाच्या अटीप्रमाणे नेमलेल्या समर्पित आयोगाचा, म्हणजे बांठिया आयोगाचा, अहवाल न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्वीकारला, तरी निवडणुका लागल्या नाहीत. ६ मे २०२५ ला न्यायालयाने सांगितले की बांठिया अहवालाच्या आधी जी स्थिती होती त्याप्रमाणे आरक्षण धरून निवडणुका घ्या. नगरपरिषदांचे मतदान डिसेंबर २०२५ मध्ये आणि महापालिकांचे जानेवारी २०२६ मध्ये झाले. काही ठिकाणी एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर गेल्याचा वाद तेव्हाही न्यायालयातच होता.

७ मार्चच्या एकमताबद्दल माझे मत सांगतो. आरक्षण वाचवणे हा हेतू सगळ्यांना मान्य होता, त्यामुळे निवडणुका किती लांबतील हे खडसावून विचारणारे कोणी उरले नाही. एकमताने होणारे विधेयक म्हणूनच जास्त बारकाईने वाचावे.

आमदाराला सभागृहात काहीही बोलता येते का?

न्यायालयाच्या बाजूने पाहिले तर जवळजवळ काहीही. कलम १९४ प्रमाणे सभागृहातल्या बोलण्याबद्दल किंवा मतदानाबद्दल सदस्यावर कुठल्याही न्यायालयात कारवाई होत नाही. तेच वाक्य बाहेर पायऱ्यांवर कॅमेऱ्यासमोर बोलले की हे संरक्षण संपते, म्हणून हुशार आमदार आरोप आत करतात आणि बाहेर ‘मी सभागृहात बोललोय, ते बघा’ म्हणतात. पैसे घेऊन बोलणे किंवा मत देणे यालाही संरक्षण नाही. ४ मार्च २०२४ ला सीता सोरेन प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने १९९८ चा जुना निकाल बाजूला सारून ते स्पष्ट केले.

सभागृहाच्या बाजूने मर्यादा बऱ्याच आहेत. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या कामाबद्दल चर्चा करता येत नाही (कलम २११). एखाद्या व्यक्तीवर आरोप करायचा तर नियम ३५ ची नोटीस आधी द्यावी लागते, आणि ‘पस्तीसची नोटीस दिलीय का?’ हा टोला समोरून येतोच. अध्यक्ष शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात. निवडणूक आयोगाला २११ सारखे कवच नाही, त्यामुळे आयोगाच्या निर्णयांवर सडकून टीका करता येते, फक्त नाव घेऊन आरोप करताना वरचे नियम लागू.

स्वतःच्या पक्षाविरुद्ध बोलले तर आमदारकी जाते का?

नुसत्या बोलण्याने नाही. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीत व्हिप (पक्षाचा मतदानाबद्दलचा आदेश) मोडून मत देणे किंवा गैरहजर राहणे ही एक गोष्ट, आणि स्वेच्छेने पक्ष सोडणे ही दुसरी. सभागृहात सरकारची कानउघाडणी करणारे सत्ताधारी आमदार पूर्वीही होते, आजही आहेत. वागण्यावरून ‘पक्ष सोडला’ असा निष्कर्ष काढता येतो, तो धोका उरतो. हा आदेश काढणारा प्रतोद नेमायचा कोणी, यावर शिवसेना फुटीच्या प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ मे २०२३ च्या निकालात उत्तर आले: प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नव्हे.

तारांकित, लक्षवेधी, २९३: आमदार कशातून बोलतोय याने फरक पडतो?

सगळा फरक त्यानेच पडतो. औचित्याचा मुद्दा मांडला तर मंत्र्याला तिथल्या तिथे उत्तर देणे भाग नसते, म्हणून फिरणाऱ्या चित्रफितींत औचित्याचे मुद्दे भरपूर असतात. तारांकित प्रश्नाला छापील उत्तर मिळते आणि पुरवणी प्रश्न विचारता येतात. लक्षवेधी सूचनेवर मंत्री निवेदन करतो आणि सदस्य त्याला कोंडीत पकडू शकतात, म्हणून लक्षवेधी ‘लागावी’, म्हणजे कामकाजात घेतली जावी, यासाठी आमदारांची धडपड असते. नियम २९३ खाली विधानसभेत आणि २६० खाली परिषदेत मोठी चर्चा होते. ती ऐकायला भारदस्त असते, पण हाताला बांधीव काही लागतेच असे नाही. कायद्याचे वाक्य बदलायचे असेल तर विधेयकावर दुरुस्ती सुचवणे हा एकच सरळ रस्ता आहे, आणि तो सर्वांत कमी वापरला जातो.

छापील उत्तर वाचायचे कसे?

तारांकित प्रश्नाची घडण ठरलेली असते. ‘अमुक झाले, हे खरे आहे काय, असल्यास, चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरही ठरलेले: ‘हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.’ इथे मेख आहे. पहिल्या भागात तारीख किंवा आकडा किंचित चुकीचा असला की ‘खरे नाही’ म्हणून खात्याची सुटका होते आणि पुढचे सगळे भाग गळून पडतात. ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर आले तर समजावे, प्रश्न कामाचा होता.

मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला आणि पाळला नाही तर?

त्यासाठी आश्वासन समिती आहे. कामकाजातली मंत्र्यांची आश्वासने ती वेचते आणि खात्यांना विचारत राहते. फळ उशिरा मिळते. ‘तपासून पाहू’ हे आश्वासन धरायचे की नाही यावर खाती वाद घालतात, हे गृहीत धरावे.

मतदार यादीत नाव दुबार आहे, गायब आहे. आमदाराने सभागृहात उठवले तर दुरुस्त होईल?

थेट नाही. विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोगाची असते. ती करणारे जिल्हाधिकारी, तहसीलदार राज्याचे असले तरी त्या कामापुरते आयोगाच्या अखत्यारीत असतात. स्थानिक निवडणुकीसाठी राज्य आयोग हीच यादी घेऊन प्रभागनिहाय फोडतो. नाव चुकून शेजारच्या प्रभागात गेले तर ती यादी फोडतानाची चूक, तिथे राज्य आयोगाकडे हरकत नोंदवता येते. मूळ नावच नसेल तर अर्ज भारत निवडणूक आयोगाच्या यंत्रणेकडे. आमदाराचे भाषण दबाव आणते, अर्जाची जागा घेत नाही.

स्थानिक निवडणुका रखडल्याचा सभागृहावर उलटा परिणाम होतो का?

झाला. विधान परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडतात. संस्थांवर प्रशासक बसले, मतदारच उरले नाहीत, आणि या जागा मुदत संपेल तशा रिकाम्या होत गेल्या. निवडणुका का होत नाहीत असे विचारायला ज्यांनी उभे राहायचे, त्यांचीच बाके रिकामी होती. या बाजूची चर्चा फार कमी झाली.

गोव्यातही असेच चालते का?

चौकट तीच. १२ मार्च २०२१ ला गोव्याच्या नगरपालिका निवडणुकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की सरकारी पदावर असलेल्या व्यक्तीला राज्य निवडणूक आयुक्त नेमता येणार नाही. तिथे कायदा सचिवांकडेच आयुक्तपदाचा कार्यभार दिला होता. हा निकाल सगळ्या राज्यांना लागू आहे, आपल्यालाही.

भाषणामुळे खरोखर कायदा झाला, असे कधी घडले?

नुसत्या भाषणाने नाही, पण सभागृहातून धरून ठेवलेल्या विषयामुळे घडले आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध मृणाल गोरे यांनी अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले) विधेयक आणले. बाहेर स्त्री संघटना आणि डॉक्टरांची चळवळ होती. १९८८ मध्ये राज्याचा कायदा झाला, देशातला पहिला, आणि केंद्राला तसा कायदा करायला १९९४ उजाडले. रोजगार हमीचे उदाहरण त्याहून वेगळे. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती, म्हणजे ज्यांना भाषण करायचे नसते असे. त्यांनी सांगली जिल्ह्यात १९६५ मध्ये प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात योजना वाढली, तिच्यासाठी व्यवसाय कर लागला आणि १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. गणपतराव देशमुखांसारखे आमदार, सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेले, वर्षानुवर्षे दुष्काळ आणि पाण्यावर तेच-तेच बोलत राहिले. त्यांच्या भाषणांची चित्रफीत कदाचित आज फिरली नसती.

भाषणाची अधिकृत प्रत कुठे मिळते?

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज आणि प्रश्नोत्तरे असतात, थेट प्रक्षेपणही असते. ताज्या प्रतीवर ‘असुधारित प्रत’ असे छापलेले असते, म्हणजे तिच्यात नंतर दुरुस्ती होऊ शकते. अवतरण द्यायचे तर सुधारित प्रतीतून द्यावे.

माझ्या आमदाराकडून निवडणुकीबद्दल प्रश्न विचारून घ्यायचा असेल तर?

लेखी द्या, आणि अधिवेशन सुरू होण्याच्या बरेच आधी द्या, कारण प्रश्नांच्या सूचना आगाऊ जातात. एक प्रश्न, एक गाव, एक तारीख. ‘मतदान प्रक्रियेत गैरव्यवहार होत आहे काय’ असे दिले तर उत्तर ‘नाही’ येईल. असे द्या: ‘अमुक नगरपरिषदेच्या प्रभाग रचनेवर अमुक तारखेपर्यंत किती हरकती आल्या, त्यांपैकी किती सुनावणीनंतर मान्य झाल्या, अमान्य हरकतींची कारणे हरकतदारांना लेखी कळवली आहेत काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’